खाऱ्या पाण्यावरचे गाव आणि पावसाचा हिशेब

बुलढाणा जिल्ह्यातील नांदुरा तालुक्यात वडनेर भोलजी हे गाव आहे. मलकापूर ते नांदुरा या हमरस्त्यावर ते वसले असून त्याच्या उत्तरेस पूर्णा नदीचे सपाट, काळ्या मातीचे खोरे पसरले आहे. दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर, उत्तरेस सातपुडा आणि मध्ये हा पट्टा. दक्षिणेच्या डोंगरावरून नळगंगा, विश्वगंगा व ज्ञानगंगा या नद्या उतरून पूर्णेस मिळतात. नकाशा पाहणाऱ्यास वाटावे की, अशा मुलखात पाण्याला काय तोटा! परंतु पूर्णेच्या दोन्ही तीरांवरील गावांत विहीर खणली, तर बहुतेक ठिकाणी जे पाणी लागते ते खारे असते. म्हणूनच या प्रदेशास लोक खारपाणपट्टा म्हणतात. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांत मिळून त्याचे क्षेत्र सुमारे ४ लाख ७० हजार हेक्टर भरते. डोंगराच्या पायथ्याची विहीर गोडी असते. पूर्णेकडे सरकत जावे तसतसा पाण्यातील खार वाढत जातो.

पायाखाली पाणी आणि घशाला मात्र कोरड, अशी ही स्थिती आहे. समुद्राने वेढलेल्या एखाद्या कोरड्या बेटावरील शेतकरीही याच स्थितीत राहतो. त्याच्या सभोवती पाणीच पाणी असते, पण त्यातील घोटभरही पिण्याच्या किंवा पिकाच्या उपयोगी पडत नाही. अशा ठिकाणी गोडे पाणी देणारा एकच दाता असतो, तो म्हणजे पाऊस. त्या पावसाचे पाणी गाव कसे धरते, कसे राखते आणि कसे वाटून घेते, यावर त्या गावाचे जगणे अवलंबून राहते. ही गोष्ट वडनेर परिसरातील शेतकरी बंधू-भगिनींनी आणि ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावी, हा या पाठाचा हेतू आहे.

एका कोरड्या बेटाचे उदाहरण

वेस्ट इंडीज बेटांच्या रांगेत ग्रेनाडा नावाचा एक लहान देश आहे. त्याच्या मुख्य बेटाच्या उत्तरेस कॅरियाकू हे बेट लागते. त्याचे क्षेत्र सुमारे ३४ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडील चार-पाच गावांच्या शिवाराएवढे आहे. तेथे बारमाही नदी नाही, ओढाही नाही. जूनपासून डिसेंबरपर्यंत पाऊस पडतो आणि पुढे मेअखेरपर्यंत बहुतेक कोरडे दिवस असतात.

या बेटाची आणि वऱ्हाडाची एक जुनी सोयरीक आहे. अठराव्या शतकात तेथील मळेवाले गुलामांकडून कापूस पिकवून घेत असत. १८३४ साली गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा अमलात आला आणि १८३८ मध्ये ते मजूर पूर्णपणे मुक्त झाले. पुढे मळेवाले हळूहळू निघून गेले आणि लहान लहान तुकडे कसणारा शेतकरी मागे राहिला. त्याने जी पिके धरली त्यांत मुख्य दोन: मका आणि तूर. तूर ही मूळची आपल्या देशातील. ती येथून आफ्रिकेत गेली व तेथून समुद्रापलीकडच्या त्या बेटांवर पोहोचली. पहिल्या पावसावर मका व तूर एकाच शेतात पेरावी, मका आधी निघावा आणि तुरीने मागाहून जमिनीतील उरलेल्या ओलीवर तग धरावा, असा तेथील शिरस्ता. आपल्याकडे ज्वारी किंवा कपाशीत तुरीचे तास घालण्यामागे हाच विचार आहे. कोणा पंडिताने येऊन शिकवलेली ही गोष्ट नव्हे. कोरडवाहू शेतकरी जेथे असेल तेथे अनुभवाने तिच्यापर्यंत पोहोचतो.

पिण्याच्या पाण्यासाठी त्या बेटावर घराचे छप्पर हेच पाणलोट मानतात. छपराच्या कडेला पन्हळ लावून पाणी पक्क्या बांधलेल्या टाकीत घेतात आणि कोरडे महिने त्यावर काढतात. घर बांधतानाच टाकीचा विचार होतो. शिवाय वर्षातून एकदा गावकरी एकत्र जमून स्वयंपाक करतात व पावसासाठी, चांगल्या पिकासाठी प्रार्थना करतात. पाऊस लांबला की धोंडी काढणाऱ्या आपल्या गावांना हे परके वाटणार नाही.

परंतु याच बेटाने एक मोठे नुकसानही सोसले आहे. पीक उभे असेपर्यंत शेळ्या-मेंढ्या व गुरे बांधून ठेवावयाची आणि पीक निघाले की ती मोकळी सोडावयाची, अशी तेथे चाल पडली. कोरड्या महिन्यांत मोकाट जनावरांनी टेकड्यांवरील गवत व रोपटी खाऊन टाकली. झाडे पूर्वीच तुटलेली होती. उघड्या पडलेल्या उतारावरची माती पावसाबरोबर समुद्रात गेली. माती गेली तशी पाणी धरून ठेवण्याची जमिनीची शक्तीही गेली. १ जुलै २०२४ रोजी बेरिल नावाचे चक्रीवादळ या बेटावर आदळले आणि तेथील बहुतेक घरांची छप्परे मोडली. जेथे छप्पर हेच पाणी धरण्याचे साधन, तेथे छपराबरोबर पाण्याचीही सोय जाते.

यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एक म्हणजे पावसाचे पाणी जेथे पडते तेथेच धरणे. दुसरी म्हणजे एकट्याने धरलेले पाणी गावाला पुरत नाही. चराई, तळे आणि विहीर यांविषयी गावाचा काही नेम असावाच लागतो.

खारे पाणी जमिनीचे काय करते?

पूर्णेचे खोरे म्हणजे दोन डोंगररांगांमधील एक खचलेला खोलगट भाग होय. नद्यांनी आणलेल्या बारीक गाळाने तो हजारो वर्षे भरत गेला. ही माती अतिशय चिकण असल्याने तिच्यातून पाण्याचा निचरा फार सावकाश होतो आणि पाण्याबरोबर आलेले क्षार बाहेर न जाता खाली साठत राहतात. इंग्रजी अमलापूर्वी अकोला जिल्ह्यातील दहीहांडा भागात खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढीत असत, यावरून त्या पाण्याची कल्पना यावी.

आता एक साधा हिशेब करू. विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या एक लिटर पाण्यात २ ग्रॅम क्षार आहेत असे धरा. एका एकरास ५ सेंटिमीटर खोलीचे एक पाणी द्यावयाचे तर सुमारे २ लाख लिटर पाणी लागते. म्हणजे त्या एका पाण्याबरोबर सुमारे ४०० किलो, अर्थात ४ क्विंटल क्षार आपण आपल्या हाताने एकरभर शेतात पसरतो. गव्हास अशी तीन पाणी दिली, तर १२ क्विंटल झाले. खताची ५० किलोची २४ पोती भरतील, इतके हे ओझे आहे. पाणी पिकाने घेतले, काही उन्हाने उडाले. क्षार मात्र जेथल्या तेथे राहिले.

या क्षारांतील सोडियम हा सर्वांत मोठा शत्रू. काळ्या चिकणमातीचे कण एकमेकांस धरून ठेवण्याचे काम कॅल्शियम करतो. त्याची जागा सोडियमने घेतली की, ओल लागताच कण सुटे होतात, फुगतात आणि मातीतील बारीक छिद्रे बुजवून टाकतात. मग पावसाचे पाणी आत शिरत नाही, वर साचते. पीक पिवळे पडते. वाफसा लवकर येत नाही. आणि वाळल्यावर जमीन दगडासारखी होऊन तिला रुंद भेगा पडतात. वखर चालत नाही, बैल थकतात. पहिल्या वर्षी विहिरीच्या पाण्यावर पीक चांगले आले म्हणून शेतकरी समाधानी होतो. पण दोन-तीन वर्षांनी तेच शेत पावसाचे पाणीदेखील पिईनासे होते. गोड्या पाण्याचे दान नाकारणारी जमीन करून ठेवणे, यापरते कोरडवाहू शेतकऱ्याचे दुसरे नुकसान नाही.

आपल्या शेतात हा दोष शिरला आहे की काय, हे घरच्या घरी पाहता येते. स्वच्छ काचेच्या पेल्यात पावसाचे साठवलेले पाणी घ्यावे. त्यात हरभऱ्याच्या दाण्याएवढे मातीचे वाळलेले ढेकूळ अलगद सोडावे व पेला हलवू नये. दुसऱ्या दिवशी पाहावे. ढेकूळ विरघळून तळाशी बसले, पण वरचे पाणी निवळ राहिले, तर फारशी काळजी नाही. ढेकळाभोवती दुधाळ वलय दिसले किंवा सगळे पाणी गढूळ राहिले, तर सोडियमचा शिरकाव झाला आहे असे समजावे आणि माती प्रयोगशाळेत तपासून घ्यावी. या परीक्षेस विहिरीचे पाणी वापरू नये, कारण त्यातील क्षारांमुळे गढूळपणा दबतो व दोष झाकला जातो.

अशा जमिनीस जिप्सम देणे हा जाणता उपाय आहे. जिप्सममधील कॅल्शियम सोडियमला मातीच्या कणांवरून हुसकून लावतो आणि पावसाचे पाणी त्याला मुळांच्या खाली नेते. म्हणून जिप्सम पावसाळ्यापूर्वी पसरून वरच्या थरात मिसळावे आणि शेतातील जादा पाणी निघून जाण्यास चर ठेवावेत. निचरा नसेल तर जिप्समचा खर्च व्यर्थ जातो. मात्रा माती तपासणीच्या अहवालावरून ठरवावी. शेजाऱ्याने टाकले तेवढे आपणही टाकावे, असे करू नये. धैंचा पेरून तो फुलावर येण्याच्या सुमारास जमिनीत गाडल्यानेही माती मोकळी होण्यास मदत होते.

पाऊस किती पडतो, याचा हिशेब

या भागात सरासरीने वर्षाकाठी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हा आकडा तोंडपाठ असून भागत नाही, त्याचा अर्थ समजला पाहिजे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. तेव्हा ७०० मिलिमीटर पावसात एका एकरावर सुमारे २८ लाख लिटर पाणी पडते. वर सांगितलेल्या ५ सेंटिमीटरच्या पाण्याच्या हिशेबाने ही चौदा पाणी झाली. मग पीक का वाळते? कारण हे पाणी चार महिन्यांत, तेही थोड्याच दिवसांत येते. चिकण जमिनीवर ते वेगाने वाहते. आणि आपण त्यास थांबण्यास सांगत नाही.

शेतकऱ्याने आपल्या घरापाशी पाऊस मोजण्याची सवय लावावी. सरळ बाजूंचे, सपाट बुडाचे एखादे भांडे उघड्या जागी, झाडाझुडपांपासून दूर ठेवावे आणि रोज सकाळी ठरलेल्या वेळी त्यातील पाण्याची उंची पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजून वहीत लिहावी. आपल्या जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पावसापाण्याचे भाकीत ऐकण्यासाठी दूरदूरचे शेतकरी जमतात. पुढे काय होईल हे जाणण्याची उत्कंठा स्वाभाविक आहे. परंतु पेरणी करताना उपयोगी पडते ते आजवर पडलेल्या पावसाचे मोजमाप. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्याशिवाय पेरू नये, ही शिफारस पाळावयाची तर वहीत आकडा हवा. दुबार पेरणीचे संकट टाळण्याचा इतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

शेतात पाणी कसे धरावे?

पहिले धरण म्हणजे शेतच होय. मशागत आणि पेरणी उताराला आडवी केली की प्रत्येक तास हा एक लहानसा बांध होतो. सोयाबीन, मूग, उडीद या पिकांसाठी रुंद वरंबा व सरी ही पद्धत खारपाणपट्ट्यात विशेष हिताची आहे. कारण कमी पावसात सरीतील पाणी मुरते आणि जास्त पावसात तीच सरी निचऱ्याचे काम करते. ज्याच्याजवळ रुंद वरंब्याचे पेरणी यंत्र नाही, त्याने पीक महिन्याभराचे झाल्यावर डवऱ्याला दोरी गुंडाळून ओळींमधून सऱ्या काढाव्यात. हे काम एका बैलजोडीने होते. शेवटच्या डवरणीनंतर जमिनीच्या भेगा बुजलेल्या असतील, तर ओल उडून जाण्यास वाट राहत नाही.

दुसरे धरण म्हणजे शेततळे. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल असे तळे १ : १ उताराच्या बाजू ठेवून खणले, तर त्यात सुमारे २,१९६ घनमीटर पाणी मावते. त्यातील तिसरा हिस्सा उन्हाने व झिरपण्याने गेला असे धरले, तरी उरलेल्या पाण्यात सुमारे ७ एकर पिकास ५ सेंटिमीटरचे एक पाणी देता येते. तुषार संच लावल्यास याहून अधिक क्षेत्र भिजते. खारपाणपट्ट्यातील चिकणमाती शेतीस जाचक असली, तरी तळ्यास उपकारक आहे. ती पाणी लवकर झिरपू देत नाही, त्यामुळे अनेक ठिकाणी प्लास्टिकचे अस्तर न घालताही तळे टिकते.

याबाबत तीन गोष्टी पाळाव्यात. खारट थर लागेल इतके खोल खणू नये. तळ्यात येणाऱ्या पाण्याच्या वाटेवर गाळ अडविण्यासाठी लहान खड्डा ठेवावा. आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: शेततळे पावसाचे पाणी धरण्यासाठी आहे, कूपनलिकेचे पाणी उपसून भरण्यासाठी नव्हे. तसे केल्यास आधीच खारे असलेले पाणी उन्हाने आटून अधिक खारे होते आणि तेच आपण पिकास पाजतो.

तळ्याचे पाणी उन्हाळ्यासाठी राखून ठेवण्याचा मोह करू नये. ऊन त्यातील मोठा वाटा आपल्याआधी पिऊन टाकते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पावसाने ओढ दिली तर उभ्या खरीप पिकास एक पाणी, नाहीतर रब्बीत हरभऱ्यास फांद्या फुटताना किंवा घाटे भरताना एक पाणी, हाच त्याचा खरा उपयोग. खरिपात मूग व त्यामागून हरभरा, ही जोडी या जमिनीस मानवते. जेथे खार अधिक आहे, तेथे करडईचा विचार करावा. करडईचे मूळ खोल जाते आणि ती खारही बऱ्यापैकी सोसते. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची स्थापना २० ऑक्टोबर १९६९ रोजी झाली. ते डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने ओळखले जाते. कोरडवाहू शेती व खारपाणपट्टा यांविषयी त्याच्या शिफारशी उपलब्ध आहेत. वाण निवडताना व जिप्समची मात्रा ठरविताना त्यांचा आधार घ्यावा.

घरी पाणी कसे धरावे?

खाऱ्या पाण्याचा पहिला भार घरातील स्त्रियांवर पडतो. पिण्याजोगे पाणी लांबून आणावे लागते, डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांतील अनेक गावांना सातपुड्यातील वान धरणाचे पाणी नळाने देण्याची योजना झाली, ती याच अडचणीमुळे. परंतु नळ ज्या दिवशी येत नाही, त्या दिवशी घराने काय करावे?

५० चौरस मीटर टिनाच्या छपरावर ७०० मिलिमीटर पावसात ३५,००० लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला तरी २८,००० लिटर हाती येऊ शकते. पाच माणसांच्या घरास पिण्यास व स्वयंपाकास माणशी ५ लिटर धरले, तर रोज २५ लिटर आणि आठ कोरड्या महिन्यांस ६,००० लिटर पाणी लागेल. दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि दीड मीटर खोल अशी टाकी एवढे पाणी धरते. म्हणजे छपरावर पडणाऱ्या पाण्याचा चौथा हिस्सादेखील लागत नाही.

पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी टाकीत घेऊ नये; त्याने छपरावरील धूळ व विष्ठा धुऊन जाऊ द्यावी. पन्हळीच्या तोंडाशी जाळी असावी. टाकी झाकलेली असावी, तिच्यात ऊन व डास शिरू नयेत. पाणी नळाने काढावे, टाकीत भांडे बुडवू नये. आणि पिण्यापूर्वी उकळावे किंवा आरोग्य कर्मचाऱ्याच्या सल्ल्याने क्लोरीनने शुद्ध करावे. कवेलूच्या छपरावरही ही व्यवस्था होते. धाब्याच्या घरावरील मातीचे पाणी मात्र पिण्यास घेऊ नये; ते गुरांसाठी किंवा परसबागेतील भाजीसाठी वापरावे.

गावाचा नेम

शेत आणि घर यांपलीकडे गावाचे काम उरते, आणि तेच अवघड असते. कॅरियाकूच्या टेकड्या कोणी एकाने उघड्या केल्या नाहीत. प्रत्येकाने आपापली चार जनावरे सोडली आणि माती सर्वांची गेली. आपल्याकडेही रब्बी निघाली की गुरे मोकाट सुटतात. बांधावर लावलेले रोप पहिला उन्हाळा पाहत नाही, आणि ज्याला उशिरा येणारे पीक घ्यावयाचे असते तो भीतीने घेत नाही. ग्रामसभेत बसून चराईची जागा व मुदत ठरविली, गुराखी ठेवला आणि त्याची मजुरी घरटी वाटून घेतली, तर हा प्रश्न सुटण्यासारखा आहे.

गावतळे व नाला हेही सर्वांच्या मालकीचे. उन्हाळ्यात तळ्यातील गाळ काढून तो हलक्या जमिनीत टाकला, तर तळे खोल होते आणि शेतही सुधारते. मात्र गाळ खारवट नाही, याची खात्री वरील पेल्यातील परीक्षेने व माती तपासणीने आधी करावी. महामार्गाच्या कामास लागणारी माती तळी व नाले खोल करून घेण्याची पद्धत आपल्याच जिल्ह्याच्या नावाने ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून ओळखली जाते. रस्त्यालगतच्या गावांनी अशा संधीकडे लक्ष ठेवावे.

राहिली विहीर. पावसाचे मुरलेले गोडे पाणी खाऱ्या पाण्याहून हलके असल्याने ते वर तरंगते. बेटांवर ही गोष्ट नेहमी दिसते: गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या वर एक मीटर असेल, तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडे पाणी असते; आणि वरून उपसा जास्त झाला की खालून खारे पाणी वर चढते. आपल्याकडील माती निराळी असल्याने हा हिशेब जसाच्या तसा लागू पडणार नाही, परंतु धडा तोच. नाल्याकाठच्या उथळ विहिरीत मुरलेले गोडे पाणी थोडे असते. ते हळूहळू काढले तर पुरते. शेजारी खोल कूपनलिका घेऊन रात्रंदिवस पंप चालविला, तर सर्वांचेच बिघडते. १९९३ च्या भूजल अधिनियमाने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर बंधन आणले, त्यामागे हीच दृष्टी होती. कायदा सरकारचा असतो, परंतु त्याची राखण गावालाच करावी लागते.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

२ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात समूह विकास योजना सुरू झाली, तेव्हापासून गावात जाणाऱ्या कार्यकर्त्यावर एक जबाबदारी आहे: योजना सांगण्याआधी गाव समजून घेणे. खारपाणपट्ट्यात हे काम पाण्यापासून सुरू करावे. गावातील प्रत्येक विहिरीचे पाणी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर तपासून घ्यावे आणि गोड्या, मचूळ व खाऱ्या विहिरी निरनिराळ्या रंगांनी गावाच्या नकाशावर दाखवाव्यात. हा नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा. कोणाच्या विहिरीचे पाणी पिकास देऊ नये, हे त्याला कार्यालयात बसून सांगण्यापेक्षा नकाशापुढे उभे करून दाखविलेले अधिक पटते.

त्यानंतर एकाच शेतकऱ्याच्या शेतात शेजारी शेजारी दोन पट्टे घ्यावेत: एकास पावसाचे साठविलेले एक पाणी, दुसऱ्यास पाणी नाही. दोहोंचा खर्च व उतारा सर्वांसमक्ष मोजावा. ज्या शेतकऱ्याने कर्ज काढून कूपनलिका घेतली आहे, त्याला ती बंद करा असे म्हणणे सोपे आहे, पण त्याच्या हप्त्याची चिंता तशीच राहते. त्याला आधी दुसरी वाट दाखवावी. पाणी तपासून कोणत्या पिकास, किती व केव्हा देता येईल हे सांगावे. आणि शेततळ्यासाठी मिळू शकणाऱ्या साहाय्याची माहिती त्याच्या हाती द्यावी. पुरुषांच्या बैठकीबरोबर स्त्रियांचीही बैठक घ्यावी. टाकी कोठे बांधावी आणि पाणी किती लागते, हे त्यांना अधिक ठाऊक असते.

बेटावरील शेतकऱ्यास दुसरा इलाज नाही, म्हणून तो पावसाचा थेंब मोजतो. आपल्याला मात्र खाली पाणी आहे असा भास होत राहतो, आणि त्या भासापायी आपण वरचे गोडे पाणी वाहू देऊन खालचे खारे पाणी उपसतो. खारपाणपट्ट्यातील जमीन वाचवावयाची असेल, तर येत्या मृगापूर्वी प्रत्येक घराने, प्रत्येक शेताने आणि गावाने मिळून हा क्रम उलटा करावयास हवा.

चर्चामंडळासाठी प्रश्न

१. आपल्या गावात गोड्या पाण्याच्या विहिरी किती व कोठे आहेत? दहा वर्षांपूर्वी त्या किती होत्या?

२. आपल्या शेतातील विहिरीच्या एक लिटर पाण्यात किती क्षार आहेत? एका हंगामात आपण एकरी किती क्षार टाकतो?

३. आपल्या घराच्या छपराचे क्षेत्र किती? त्यावर पडणाऱ्या पाण्यापैकी आज किती धरले जाते?

४. पेल्यातील मातीची परीक्षा किती शेतकऱ्यांनी केली? कोणत्या शिवारातील माती गढूळ निघाली?

५. मोकाट चराई थांबविण्यासाठी ग्रामसभेने कोणता नेम करावा, आणि गुराख्याच्या मजुरीची वाटणी कशी करावी?